उजेड नव्हता म्हणून फोटो नाही : बीड जिल्हा आणि आयएसओचा इतिहास

आजचा विषय कॅमेऱ्यातल्या एका आकड्याचा आहे. आयएसओ. इतिहासाच्या व्याख्यानात हा तांत्रिक आकडा कशाला, असं कुणाला वाटेल. पण आपल्या जिल्ह्याच्या जगण्यातलं काय फोटोत उरलं आणि काय निसटलं, हे बऱ्याच अंशी या आकड्यानं ठरवलं, असं माझं म्हणणं आहे.

१९४८ पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होतं, म्हणून सुरुवात तिथून करू. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ. संस्थानातली स्थळं दाखवणारा त्यांचा १८९२ चा अल्बम प्रसिद्ध आहे. वेरूळ, दौलताबाद, महाल, किल्ले. सगळा दिवसाचा उजेड. दरबार पैसे देणार तर दरबाराचेच फोटो निघणार, हे एक कारण आहेच. पण त्या काळची काचेची प्लेट प्रकाशाच्या बाबतीत फार मंद होती. किल्ला हलत नाही, सरदार खुर्चीत निश्चल बसतो. कंदिलाच्या उजेडात भाकरी थापणारी बाई मात्र हलते. तिचा त्या प्लेटवर नुसता धूर उमटला असता.

प्लेट किंवा फिल्म किती लवकर प्रकाश पकडते, हे मोजायच्या पद्धती पुढं आल्या. जर्मनीत १९३४ ला डीआयएन, अमेरिकेत १९४३ ला एएसए, आणि १९७४ पासून दोन्ही मिळून आयएसओ. जुन्या स्टुडिओवाल्यांना ऑरवोच्या डब्यावरचा एनपी २२ आठवत असेल. ते बावीस डीआयएन, म्हणजे १२५ एएसए. उन्हात उत्तम, खोलीत फ्लॅशगनशिवाय हात टेकलेले. कोडॅकची ट्राय-एक्स १९५४ पासून ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांसाठी मिळू लागली होती आणि ती डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून पुढं ताणता यायची. पण आयात मालाची टंचाई आणि किंमत बघता गावातल्या फोटोग्राफरनं ती कुणासाठी वापरायची? लग्नाला फ्लॅश पुरायचा.

आता आपल्या घरातली गोष्ट. १९७२ चा दुष्काळ म्हटलं की खडी फोडणारी माणसं डोळ्यांसमोर येतात, टळटळीत उन्हात. त्या दुष्काळानंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली. दिवाळीच्या आसपास निघायचं, उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर. आणि हे काम बघा कधी चालतं. पहाटे अंधारात फडात उतरायचं, रात्री-अपरात्री ट्रक भरायचा, कोपीत चूल पेटवायची ती दिवस उगवायच्या आधी किंवा मावळल्यावर. म्हणजे या जगण्याचा अर्धा भाग फिल्मच्या आवाक्याबाहेर. दिवसाचे फोटो पाहणाऱ्याला वाटतं, माणसं ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, झालं. किती तास, हे फोटोत येत नाही.

फ्लॅश होता की, असं म्हणाल. पण फ्लॅश मारला की चुलीचा उजेड मरतो, मागचा फड काळा होतो आणि माणूस दचकून बघतो. तो अंधाराचा पुरावा राहत नाही.

डिजिटलमध्ये हे बदललं. २००७ चा निकॉन डी३ आयएसओ ६४०० ला वापरण्याजोगा फोटो द्यायला लागला. तो कॅमेरा आपल्या ऐपतीबाहेरचा होता, पण पुढच्या काही वर्षांत तीच क्षमता साध्या कॅमेऱ्यांत उतरली. हिशेब करू. कोपीत एक मिणमिणता बल्ब आहे, लेन्सचं छिद्र जास्तीत जास्त एफ ३.५ उघडतं. समजा आयएसओ १०० ला शटर एक सेकंद उघडं ठेवावं लागतं. मग ४०० ला पाव सेकंद, १६०० ला एक पंधरांश, ६४०० ला एक साठांश. बसलेला माणूस एक साठांशात नीट येतो. चालता कोयता येत नाही. त्याला एक दोनशेपन्नासांश तरी हवा.

इथं एक गैरसमज आहे. आयएसओ वाढवल्यानं कॅमेऱ्यात जास्त प्रकाश येत नाही. जेवढा आला तेवढ्याचाच संकेत वाढवला जातो. दाणे दिसतात ते मुख्यतः प्रकाश कमी पडल्यामुळं. म्हणून क्रम असा ठेवा : आधी छिद्र पूर्ण उघडा, मग हालचाल बघून शटर ठरवा, आणि उरलेली तूट आयएसओनं भरा. दाण्यांच्या भीतीनं ८०० वर अडून बसणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. दाणेदार चेहरा ओळखता येतो, हललेला चेहरा कायमचा गेला. मात्र आयएसओ चढवताना जाळ आणि बल्ब पांढरे फटक पडतात, तेवढं सांभाळा.

आणि हाच नियम दगडाला लावू नका. अंबाजोगाईच्या हत्तीखान्यात खांबांमागं अंधार आहे, पण खांब कुठं जाणार? तिथं तिपाई लावा, आयएसओ १०० ठेवा, शटर दहा सेकंद उघडं राहू द्या. अजिंठ्याची चित्रं बिनॉय बहल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अशीच, प्रखर दिवे न लावता, लांब एक्स्पोजर देऊन टिपली. तिपाईला परवानगी लागते, ती आधी काढा.

फोनचा नाइट मोड अनेक फ्रेम एकत्र करून चित्र बनवतो. रिकाम्या कोपीला तो चालतो, हलत्या माणसाला चिकटपट्टी लावल्यासारखा करतो. फडात शक्य असेल तर रॉ फाईल घ्या आणि मूळ फाईल जपून ठेवा, दाण्यांसकट. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र निघण्याआधी लावा. पहाटेचे चार वाजले होते, हे पुढच्या अभ्यासकाला त्या फाईलमधूनच कळणार आहे.