भोगवर्धनची तूर आणि आजारी माणसाचे ताट



घरात कर्करोगाचे निदान झाले की औषधाआधी चर्चा सुरू होते ती ताटाची. दूध बंद, साखर बंद, तुरीची डाळ वातूळ, दही थंड. त्यात आपले कंदमूळ त्याग, चौविहार, आठम-चौदस. सगळे एकत्र केले की पेशंटपुढे उरते मुगाचे पाणी. म्हणून कोणते पथ्य कुठून आले, ते आज पाहू.

आपले भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत या गावच्या दात्यांची नोंद आहे. 1973 साली इथे उत्खनन झाले, तेव्हा सातवाहन काळाच्या थरांत इतर धान्याबरोबर तूरही सापडली. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षे या मातीत लोक तूर खात आहेत. डाळीशिवायचे ताट ही इथली परंपरा नव्हे.

नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ रचला. मांस, मध आणि मद्य न वापरता रोग्याला बरे कसे करावे, हा त्यांचा प्रश्न होता. 1940 मध्ये हा ग्रंथ सोलापुरातून छापून निघाला. त्यांनी अभक्ष्य वगळले, पण रोग्याचे पोषण वगळले नाही. आपल्या पच्चक्खाणातही आजारपणासाठी आगार ठेवलेले आहेत. तीव्र पीडेत समाधी टिकावी म्हणून औषध घेतले तर नियम मोडत नाही, ही सोय जुन्यांनीच करून ठेवली आहे.

साखरेची भीती मात्र आपली नाही. 1920 च्या दशकात जर्मनीत ऑटो वारबुर्ग यांना दिसले की कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज फार वापरतात. त्यावरून पुढे ‘गोड खाल्ले की गाठ वाढते’ अशी समजूत पसरली. पण माणूस उपाशी राहिला तरी शरीर रक्तातली साखर टिकवतेच, आणि त्यासाठी स्वतःचे स्नायू मोडते. गाठ उपाशी राहत नाही, माणूस खंगतो. वजन फार उतरले तर केमो पुढे ढकलावी लागते. मधुमेह असेल तर साखरेचे पथ्य हवेच, पण ते मधुमेहाचे.

आजचे आहारशास्त्र सांगते की कर्करोगाच्या पेशंटला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिने हवीत. 50 किलोच्या बाईला 50 ते 75 ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणातून साधारण 6-7 ग्रॅम मिळतात, पेलाभर दुधातून 8 च्या आसपास. म्हणून वरणाचे वरचे पाणी नको, घट्ट वरण-भात आणि वर तूप द्या. पनीर, शेंगदाण्याचे कूट, भाजक्या डाळ्यांचे पीठ, मऊ मुगाची खिचडी, सगळे आपल्या नियमांत बसते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

आपले काही नियम तर इथे सोबतच करतात. उकळलेले पाणी, ताजे अन्न, शिळे नाही, मोड आलेले कच्चे कडधान्य नाही. केमोत पांढऱ्या पेशी उतरतात तेव्हा डॉक्टरही हेच सांगतात.

अडचण चौविहाराची. मळमळीत एका वेळी चार घासच जातात, म्हणून दर दोन-तीन तासांनी खावे लागते. ज्यांना नियम पाळायचाच आहे त्यांनी सूर्यास्तापूर्वी पोटभर खावे आणि नवकारसी होताच पहिला घास घ्यावा. तेवढ्याने वजन टिकत नसेल तर महाराजसाहेबांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही विचारावे. निर्णय पेशंटचा, सासूबाईंचा किंवा शेजारणीचा नाही.

आणि एक स्पष्ट सांगते. संथारा हे जाणून, गुरुआज्ञेने घेतलेले व्रत आहे. बरे होण्यासाठी उपचार घेणाऱ्या बाईला आपल्या भीतीपोटी अर्धपोटी ठेवणे हे व्रत नव्हे. बारा व्रतांतल्या पहिल्याच व्रताच्या अतिचारांत आश्रिताचे अन्नपाणी रोखणे मोजले आहे. ताट वाढताना हे लक्षात ठेवूया.