१८५७ साली, समुद्रापलीकडे

मंडळी, १८५७ म्हटलं की आपल्याला मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी आठवतं. इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे सनावळ्या अजून तोंडपाठ आहेत. पण त्याच साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला काय चाललं होतं, ते आपल्या शाळेच्या पुस्तकांत येत नाही. दक्षिण आफ्रिका आपल्याकडे येते ती एकदम १८९३ साली, गांधीजींना गाडीतून उतरवलं त्या स्टेशनावर. त्याआधी तिथे शंभर वर्षं एक झगडा चालू होता. आज त्याबद्दल थोडं लिहितो.

केपमध्ये डच कंपनीने १६५२ मध्ये ठाणं घातलं. इंग्रजांनी ते १७९५ मध्ये घेतलं, १८०३ मध्ये परत केलं आणि १८०६ मध्ये पुन्हा घेतलं ते कायमचंच. कशासाठी? तर हिंदुस्थानची वाट राखण्यासाठी. सुएझचा कालवा १८६९ मध्ये उघडला, तोपर्यंत विलायतेहून मुंबईला येणारं जहाज केपला वळसा घालूनच यायचं. म्हणजे त्या लोकांवर जी आफत आली, तिचं एक मूळ आपल्या देशात होतं.

केपच्या पूर्वेला खोसा लोक राहत. (या नावातला पहिला उच्चार आपल्याला जमत नाही. टांगेवाला घोडा हाकताना गालातून जो आवाज काढतो, साधारण तसा तो आहे.) गुरं पाळणारे, शेती करणारे हे लोक. १७७९ पासून त्यांचे आणि गोऱ्या शेतकऱ्यांचे कुरणांवरून खटके उडू लागले होते. इंग्रज आल्यावर मात्र खटक्यांचं युद्ध झालं. १८११-१२ मध्ये कर्नल ग्रॅहमने सुमारे वीस हजार खोसांना फिश नदीपलीकडे हाकललं, पिकं जाळली, आणि तिथे जी छावणी उभी राहिली तिला त्याचंच नाव मिळालं - ग्रॅहम्सटाऊन. १८१९ मध्ये मखांडा नावाच्या खोसा द्रष्ट्याने त्या गावावर हल्ला केला. तोफांपुढे तो फसला. पुढे लोकांचे हाल थांबावेत म्हणून तो स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन झाला. त्याला रॉबेन बेटावर ठेवलं. तिथून निसटताना तो बुडाला. त्याची माणसं मात्र कित्येक वर्षं त्याची वाट पाहत राहिली.

१८३५ मध्ये खोसांचा राजा हिंत्सा इंग्रजांच्या ताब्यात असताना पळू लागला म्हणून मारला गेला, आणि त्याच्या प्रेताचे कान कापले गेले. त्या वेळी तिथला सेनाधिकारी होता हॅरी स्मिथ. हा गृहस्थ पुढे हिंदुस्थानात आला, १८४३ मध्ये ग्वाल्हेरजवळ महाराजपूरला शिंद्यांच्या फौजेशी लढला आणि १८४६ मध्ये अलिवालला शिखांशी. १८४७ मध्ये तो केपचा गव्हर्नर होऊन परतला तेव्हा मकोमा या खोसा सरदाराला जमिनीवर पाडून त्याच्या मानेवर त्याने पाय ठेवला! तिथल्या एका गावाला ‘अलिवाल नॉर्थ’ हे नाव मिळालं. पंजाबातलं अलिवाल आफ्रिकेत कसं गेलं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

१८५० ते १८५३ आठवं युद्ध झालं. खोसा हरले, आणखी जमीन गेली. त्याच सुमारास युरोपातून आलेल्या बैलांबरोबर गुरांच्या फुप्फुसांचा रोग आला आणि काही सरदारांची जवळजवळ सगळी गुरं मेली. ज्यांचं लग्न, देणंघेणं, देवकार्य सगळं गुरांवर, त्यांची ही अवस्था. मग बातमी आली की त्यांच्याशी लढलेला गव्हर्नर कॅथकार्ट क्रिमियात रशियनांच्या हातून मारला गेला. तेव्हा इंग्रजांना मारणारे हे रशियन म्हणजे आपलेच मेलेले वीर असणार, असं लोक म्हणू लागले. समुद्रावर त्यांची गलबतं दिसतात का, हे बघायला टेकड्यांवर माणसं बसली.

अशा वेळी, १८५६ मध्ये, नाँगकाउसे नावाची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी म्हणाली, की नदीकाठी मला पूर्वज भेटले. सगळी गुरं मारा, धान्य टाकून द्या, पेरणी करू नका. मग मेलेले उठतील, निरोगी गुरं येतील. हिंत्साचा मुलगा राजा सरहिली याने विश्वास ठेवला. सगळ्यांनी नाही हं! विश्वास ठेवणारे आणि न ठेवणारे अशी घराघरांत फूट पडली. फेब्रुवारी १८५७ मध्ये ठरलेला दिवस आला आणि नेहमीसारखा मावळला. सुमारे चार लाख गुरं मारली गेली होती. अंदाजे चाळीस हजार माणसं भुकेने मेली.

इथे आपण पटकन म्हणतो, ‘अंधश्रद्धा, दुसरं काय!’ आणि प्रकरण मिटवतो. इंग्रजांनीही तेच केलं. पण गव्हर्नर जॉर्ज ग्रे काय करत होता ते पाहा. गावकऱ्यांनी उपाशी लोकांसाठी काढलेली मदत समिती त्याने बंद पाडली. खायला हवं असेल तर गोऱ्यांच्या शेतावर मजुरीचा करार करा, हा त्याचा हिशोब. सुमारे तीस हजार माणसं अशी मजूर होऊन वसाहतीत गेली. मकोमासारखे सरदार रॉबेन बेटावर गेले, आणि रिकाम्या झालेल्या जमिनीवर गोरे आले. स्वप्न त्या मुलीचं होतं हे खरं, पण दुष्काळाचा हंगाम कापला तो ग्रेने.

आणि आपला संबंध पुन्हा इथेच येतो. सरहद्द आता थंड पडली होती. त्यामुळे ग्रेला केपमधून पलटणी आणि घोडे हिंदुस्थानात पाठवता आले, आपल्याकडचं बंड मोडायला. खोसा उपाशी पडले म्हणून मोकळ्या झालेल्या बंदुका आपल्या माणसांवर रोखल्या गेल्या. दोन देशांतल्या लोकांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती. दोन्ही टोकांची खबर होती ती फक्त साहेबाला.

मला वाटतं, साम्राज्याची खरी ताकद तोफांपेक्षा यात होती. सगळ्यांचा हिशोब एकाच वहीत, आणि वही त्याच्याकडे.

नवव्या युद्धानंतर, १८७९ पर्यंत, सगळं संपलं. मकोमा १८७३ मध्ये बेटावरच वारला. त्याच बेटावर पुढे खोसा बोलणारे नेल्सन मंडेला अठरा वर्षं कैदेत होते. आणि २०१८ मध्ये ग्रॅहम्सटाऊनचं नाव बदलून सरकारने मखांडा ठेवलं. ज्याने लोकांना हाकललं त्याचं नाव जाऊन, ज्याची लोकांनी वाट पाहिली त्याचं नाव यायला २०६ वर्षं लागली. नाव आलं. जमिनीचा प्रश्न तिथे अजून सुटलेला नाही.

नातवंडांना १८५७ शिकवाल तेव्हा नकाशा जरा मोठा घ्या, एवढंच सांगायचं होतं.