तळटीप : ‘निर्देशांक १.३३’

* लेखकाने प्रक्रिया-क्षमता निर्देशांकाचा हा आकडा दिला, पण तो काढायचा कसा हे सांगितले नाही. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात युरिया तयार होतो. त्यावरून हे गणित समजून घेता येईल.

खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार युरियात बाययुरेट वजनाने १.५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. युरिया जास्त तापला की त्याचे दोन रेणू जोडले जातात, अमोनिया सुटतो आणि हा उपद्रवी पदार्थ मागे राहतो. फवारणीच्या युरियात तो वाढला तर पानांचे शेंडे पिवळे पडतात. इथे मर्यादा फक्त वरची. म्हणून सरासरी आणि मर्यादा यांतले अंतर प्रमाण विचलनाच्या तिपटीने भागायचे. समजा, सरासरी १.२ आणि विचलन ०.१ (आकडे उदाहरणादाखल, कारखान्याचे नव्हेत), उत्तर १. सरासरी तीच ठेवून विचलन ०.०७५ वर आणले की १.३३. प्रसामान्य वितरण धरल्यास दहा लाखांत मर्यादेबाहेर जाणारे नमुने सुमारे १,३५० वरून ३२ वर येतात.

प्रक्रिया स्थिर नसेल तर हा सगळा भागाकार फुकट. आधी नियंत्रण-आलेख, मग निर्देशांक. लेखक हा क्रमच गाळतात, ते खटकते.

नायट्रोजनसाठी हेच गणित खालच्या मर्यादेपासून मांडावे : किमान ४६ टक्के हवा आणि शुद्ध युरियातच तो जेमतेम ४६.६, म्हणजे हलायला जागा फारच थोडी. (संपा.)