नुवारा एलियाचा ठिपकेदार बेडूक

साल 1853. सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या डोंगरमाथ्यावर, नुवारा एलियाच्या रानात तुम्ही उभे आहात. विषुववृत्त जवळ असूनही थंडीनं दात वाजताहेत. पोटरीवर जळवा चढल्या आहेत, राहू द्या. आधी ऐका. जवळपास ओढा नाही की डबकं नाही, तरी झुडपाझुडपांतून बेडूक ओरडताहेत.

कंदील खाली धरा. ओल्या मातीत अंडी आहेत. त्यांतून शेपटीवाले बेडूकमासे निघणार नाहीत. चार पायांचं इवलंसं बेडूकच थेट बाहेर येईल. आंबोलीच्या पावसात रात्री हिंडलेल्यांना अशी झुडपी बेडकं ओळखीची वाटतील. त्यांना तळं लागत नाही, पण रानाची ओल हवीच. झाडं गेली की माती सुकते आणि अंडीही. खालच्या उतारांवर तर कॉफीसाठी कुऱ्हाडी चालल्या आहेत.

पानावर एक हिरवा बेडूक बसलाय, अंगावर फिकट ठिपके. लष्करातले डॉक्टर एडवर्ड केलार्ट याच साली त्याचं वर्णन छापतात. नीट बघून घ्या. दीडशे वर्षांहून अधिक काळ तो कोणाला दिसणार नाही.

140 वर्षं पुढे या. कपाळावर हेडलॅम्प, हातात टेपरेकॉर्डर. जीवशास्त्रज्ञ रोहन पेथियागोडा आणि सहकारी 1993 पासून बेटावरची रानं पालथी घालताहेत. कागदोपत्री बेडकांच्या मोजक्याच जाती होत्या. मोजदाद शंभराच्या पुढे जाते. या आनंदात मन भरून येतं आणि तिथेच कळ उठते. संग्रहालयांच्या बरण्यांतले कित्येक जुने बेडूक आता कुठल्याच रानात सापडत नाहीत. निदान त्यांची नावं तरी आहेत. कोणी नोंदवण्याआधीच जे कॉफीच्या आणि मग चहाच्या मळ्यांखाली गेले, त्यांचा हिशोब कसा मांडायचा?

2009. त्याच बेटावरच्या श्रीपाद डोंगराचं जंगल. उजेडात ठिपके चमकतात आणि तुमचा श्वास अडकतो. केलार्टचा मूळ नमुना हरवलाय, उरलंय ते त्यांचं लिखाण. लांबी मोजा, फोटो काढा, एकेक ओळ अंगाशी ताडून पाहा. तोच आहे! ओरडावंसं वाटेल, खुशाल ओरडा. मग वही उघडा: जागा, उंची, वेळ, आजूबाजूची झाडं, सगळं आत्ताच लिहायचं. हरवलेल्या बेडकांच्या यादीत अजून बरीच नावं बाकी आहेत आणि पाऊस थांबण्याआधी वरची कड बघून व्हायला हवी.