गर्भातील खुंटलेली वाढ व प्रौढपणीचे आरोग्य
गर्भाशयात पुरेसे पोषण न मिळाल्यास बाळ कमी वजनाचे जन्मते आणि मोठेपणी त्याला हृदयविकार, उच्च रक्तदाब व मधुमेहाचा धोका अधिक राहतो.

इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविका घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांची वजने वह्यांत टिपत. डेव्हिड बार्कर यांनी सहकाऱ्यांसह या नोंदी पुढच्या मृत्यूंशी ताडल्या. जन्मवेळी आणि वर्षाच्या वयात हलके असलेले पुरुष हृदयविकाराने अधिक दगावले होते, असे त्यांनी १९८९ मध्ये दाखवले.

पोषण तोकडे पडले की गर्भ आधी मेंदू सांभाळतो. मूत्रपिंड, स्वादुपिंड, स्नायू मागे पडतात. मूत्रपिंडातील गाळणाऱ्या सूक्ष्म नलिका तर जन्मानंतर नव्याने बनत नाहीत.

भारतासाठी सर्वांत मोलाचे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. तुलनेत इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. विलक्षण गोष्ट अशी, की पुण्याकडच्या या हडकुळ्या बाळांचे स्नायू तुटपुंजे असले तरी त्वचेखालची चरबी बरीचशी टिकून होती. गरोदरपणी ज्या मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला.