उद्या बाई येणार आहे



पेसाहच्या आधीची गोष्ट. घरी सफाईवाली बाई दुसऱ्या दिवशी यायची होती आणि आम्ही उभयता आदल्या रात्री पसारा आवरत होतो. ओट्यावरची भांडी घासली, टेबलावरचे कागद उचलले, न्हाणीघरातल्या बाटल्या टोपलीत भरल्या. सून मुलांना घेऊन आली होती. ती इथेच लहानाची मोठी झालेली. दारात उभी राहून म्हणाली, "आई, साफ करायला माणूस येणार म्हणून तुम्ही साफ करताय? मग ती काय करणार?"

आम्ही हसलो, पण उत्तर चटकन सुचले नाही. मग वाटले, आपल्या घरांमध्ये पैसे देऊन घरकामाला माणूस कधीपासून येऊ लागले आणि त्याच्यासाठी आपण घर कसे ठेवत आलो, हे एकदा लिहून काढावे. इस्रायलमध्ये, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात असलेल्या तुम्हा सर्वांच्या घरी हा प्रश्न कोणीतरी विचारला असेलच.

सुरुवात कोकणातच करावी लागते. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, रोहे इथल्या खेड्यांत आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवीत, शेती करीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवले शनिवार तेली. हे आपल्याला पाठच आहे. पण एक गोष्ट आपण फारशी बोलत नाही. घाणा बंद म्हणजे बैलही उभा, आणि हाताखाली एखादा गडी असेल तर तोही मोकळा. तोरातल्या दहा आज्ञांत शब्बाथच्या आज्ञेत घरधन्याबरोबर दास, दासी आणि जनावर या सगळ्यांचा विसावा सांगितला आहे. हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हते त्या काळातही आपल्या लोकांनी ही एक गोष्ट धरून ठेवली. घरकामाला पगारी माणूस मात्र त्या घरांत क्वचितच असेल. सारवण, पाणी, दळण, सगळे घरच्या बायकांच्या अंगावर.

सणांची जुनी मराठी नावे पाहा. पेसाहला आपल्याकडे अनाशी ढाकाचा सण म्हणत. अनास म्हणजे आंबट कालवणाचे भांडे. ते सणाचे दिवस झाकून ठेवायचे, म्हणून हे नाव. किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण, दारे लावून घेण्याचा. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्रायलांचा इतिहास १८९७ साली लिहिला आणि तो तेल अवीवहून १९३७ मध्ये छापला गेला. त्यात ही सगळी नावे सापडतात. हिब्रू नावे पुढे शिकवली गेली. त्याआधी आपल्याला सण आठवत होता तो झाकलेल्या भांड्यावरून आणि लावलेल्या दारावरून. धर्म बायकांच्या हातून घरात टिकला म्हणतात तो असा. पुण्यात १८७४ साली छापलेल्या मराठी हग्गादामध्ये लुगडी नेसलेल्या बायका बसून पेसाहच्या रोट्या करताना दाखवल्या आहेत. परदेशातल्या नातवंडांना ते चित्र जरूर दाखवा.

पेसाहआधी चुना आणि कल्हई ही दोन मोठी कामे. भायखळ्याच्या आमच्या चाळीत कल्हईवाला यायचा, भाता लावायचा, नवसागराचा धूर जिन्यापर्यंत चढायचा. कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने एक हात मारला की काळे पातेले चांदीसारखे. आम्ही भावंडे तासन्‌तास बघत बसायचो. पण त्याच्या आदल्या दिवशी काय चाले ते सुनेला सांगायला हवे होते. आजी सगळी तांब्यापितळेची भांडी चिंच आणि राख लावून घासायला बसवायची. करपलेले पातेले तसेच पुढे टाकले तर कल्हईवाला जादा पैसे मागे, आणि आजीच्या मते ते मागणे रास्तच होते. ती म्हणायची, त्याचे काम कल्हईचे आहे, तुमची खरकटी खरवडायचे नाही. आता विचार करताना वाटते, आमच्या घरात बाहेरच्या माणसासाठी आधी तयारी करायची ही रीत इथूनच आली.

आता जे लिहायचे ते जरा जड आहे.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, आणि कित्येक तर परत कधी गिरणीत गेलेच नाहीत. घर चालवायला त्यांच्या बायका धुण्याभांड्याची कामे शोधू लागल्या. आमच्याकडे त्याच वर्षी एक बाई आल्या, मूळच्या साताऱ्याकडच्या, नवरा साचेवाला. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. आई त्यांना रोज चहा द्यायची, सणाला साडी द्यायची, मलिद्याचे ताट द्यायची. आणि त्यांचा कप वेगळा होता. कान तुटलेला, खिडकीच्या गजाआड ठेवलेला. चहा झाला की त्या तो स्वतः विसळून तिथेच पालथा घालायच्या. तेव्हा मुंबईत बहुतेक घरांत हेच होते, म्हणून कोणाला त्यात काही वाटत नसे. आम्हालाही वाटले नाही. आम्ही तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि वॉर्डात सगळ्या जातींची बेडपॅन उचलत होतो, तरी घरी आल्यावर तो कप डोळ्याला खुपला नाही.

वेगळे ताट ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नव्हती. जिची किंवा ज्याची आई, आजी समाजाबाहेरची होती त्यांच्या वंशजांना काळा इस्रायल म्हणत आणि बाकीचे स्वतःला गोरा इस्रायल म्हणवीत. अंगाच्या रंगाशी याचा संबंध नव्हता. त्यांच्याशी सोयरीक नाही, ताटाला ताट लागायचे नाही. केहिमकरांनीही हा भेद नोंदवला आहे. या भेदामागे पुष्कळदा घरात राबणारी एखादी बाई होती, हे घरातली म्हातारी माणसे हळू आवाजात सांगत. तिची मुले आपली होती आणि नव्हतीही.

मग पाळी आपल्यावर आली. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कचेरीने लग्न लावताना बेने इस्रायलांची आई, आजी आणि त्यामागच्या पिढ्या तपासण्याचे आदेश दिले. आपल्या माणसांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडले, उपोषणे केली. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत. ही लढाई आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. पण ती जिंकून अठरा वर्षे झाल्यावरही आमच्या भायखळ्याच्या खिडकीत तो कप होता. त्याच सुमारास बीरशेबा, दिमोना, अश्दोदला गेलेल्या आमच्या नात्यातल्या बायका दुसऱ्यांच्या घरी लादी पुसत होत्या. त्यांना तिथे कशात चहा मिळत होता, ते त्यांनी पत्रात कधी लिहिले नाही.

नर्सिंगचेही असेच. आपल्या समाजातल्या मुली या पेशात पुष्कळ गेल्या, आणि डॉ. जेरुशा झिराडसारखी बाई १९२८ ते १९४७ कामा हॉस्पिटलची प्रमुख होती याचा आम्हाला केवढा आधार वाटे. तरी नर्स म्हणजे शिकलेली मोलकरीण असे म्हणणारे शेजारी होतेच. पहिल्या वर्षी आम्ही खाटा पुसल्या, लॉकर पुसले, स्लूस रूममध्ये उभ्या राहिलो. मेट्रनचा नियम होता, आधी ओले फडके, मग झाडू; वरून खाली, स्वच्छाकडून घाणीकडे. शरीराने केलेल्या कामाची किंमत काय, हे तेव्हाच कळायला हवे होते.

बाहेर काळ बदलत होता. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगार, सुट्टी, आजारपण, या साध्या मागण्या. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला मात्र २००८ उजाडले. अमेरिका पुढारलेली असे आपण धरून चालतो, पण इथेही १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून घरकामगारांना वगळले होते. १९५० च्या दुरुस्तीने त्यांतल्या अनेकांना आत घेतले. किमान वेतनाच्या १९३८ च्या कायद्यात त्यांना जागा मिळाली ती १९७४ मध्ये. सिअ‍ॅटल शहराने २०१८ मध्ये घरकामगारांसाठी स्वतंत्र नियम केला आणि १ जुलै २०१९ पासून तो लागू झाला. तलावाच्या अलीकडे आमच्या बेलव्ह्यूला तो लागू नाही. मधे फक्त एक पूल आहे!

आम्ही बेलव्ह्यूला आलो तेव्हा हे काही माहीत नव्हते. १९४० मध्ये तरंगता पूल झाला आणि मग हे उपनगर वाढले. त्याआधी इथे जपानी कुटुंबांची स्ट्रॉबेरीची शेती होती, आणि १९४२ मध्ये त्यांना सक्तीने छावण्यांत नेले. आज त्या जमिनीवर काचेचे मनोरे आहेत, निम्म्या घरांत दोघेही नोकरीला, आणि सकाळी नऊला सगळ्या गल्ल्यांत सफाईच्या गाड्या उभ्या.

आम्ही दोघे नोकरीत असेपर्यंत स्वतःच घर झाडत होतो. गुडघे बोलू लागले तेव्हा बाई ठेवायचे ठरले. ज्या कंपनीला फोन केला तिच्याकडे फक्त शनिवारची वेळ रिकामी होती. ह्यांनी आधी हो म्हटले. "आपण थोडेच काम करणार आहोत, करणारी ती," असे ह्यांचे म्हणणे. आम्हाला एकदम घाण्याचा बैल आठवला. नाही म्हणून कळवले आणि ओळखीतून दुसऱ्या बाई मिळाल्या, एल साल्वादोरच्या, गुरुवारी येणाऱ्या.

त्या आल्यावर दुसऱ्याच महिन्यात आमच्या हातून चूक झाली. ह्यांना मधुमेह आहे. इन्सुलिनची सुई वापरून झाल्यावर ह्यांनी टोपण न लावता स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली, आणि पिशवी दाबून बांधताना ती त्या बाईच्या तळहातात गेली. चाळीस वर्षे नर्सिंग केलेल्या माणसाच्या घरात! वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुतला, रक्त पिळून काढू दिले नाही, लगेच दवाखान्यात गेलो. अशा वेळी औषध द्यायचेच झाले तर ते ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते, म्हणून उद्यावर टाकायचे नसते. ह्यांच्या रक्ताची तपासणी झाली, काही निघाले नाही. बाईंच्या तपासण्यांचे पैसे आम्ही भरले. त्या मात्र दवाखान्यात आमच्यापेक्षा एकाच गोष्टीला जास्त घाबरल्या होत्या. काम जाईल की काय, असे त्यांनी दोनदा विचारले. सुई आमची, हात त्यांचा, आणि भीतीही त्यांनाच.

तेव्हापासून आदल्या रात्रीचे आवरणे आमच्या घरात पक्के झाले. सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात, उशाच्या गोळ्या कुलपात. नातवंडांची खेळणी जमिनीवरून उचललेली, म्हणजे त्यांचा वेळ वाकण्यात जात नाही आणि पायही अडखळत नाही. ब्लीच एका कपाटात आणि व्हिनेगर, अमोनियाच्या बाटल्या दुसऱ्या कपाटात, कारण बंद न्हाणीघरात ही दोन एकत्र झाली तर विषारी वायू होतो. आम्ही अशी पेशंट पाहिली आहेत. दागिने, कागदपत्रे आधीच आत ठेवतो. आपल्याला त्यांच्यावर संशय आहे म्हणून नव्हे, तर उद्या आपणच काही विसरलो तर संशय त्यांच्यावर जाऊ नये म्हणून. भायखळ्याला एकदा आईची बांगडी आठ दिवस सापडत नव्हती, आणि मावशी त्या आठवड्यात चहा न घेता जायच्या. बांगडी पिठाच्या डब्यात निघाली. आईने माफी मागितली की नाही, आम्हाला आठवत नाही.

पैसे पाकिटात घालून सकाळीच टेबलावर. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत, ही तोरातली आज्ञा आहे आणि मोबाईलवर उद्या पाठवते म्हणायचा मोह आम्हालाही होतो. अमेरिकेतल्या वाचकांसाठी आणखी एक. बाई कंपनीतून न येता थेट तुमच्याकडे काम करत असेल आणि काम कसे करायचे ते तुम्ही ठरवत असाल, तर वर्षाला ठरावीक रकमेच्या वर (२०२५ साठी २,८०० डॉलर) सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कर भरावा लागतो. कटकट आहे, पण १९५० मध्ये मिळालेला तो हक्क तिच्या म्हातारपणी उपयोगी पडतो.

सुनेला हे सगळे सांगून झाले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. तिने काही न बोलता नातवाचे लेगो गोळा केले.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. खालच्या कपाटाला आम्ही पेसाहसाठी चिकटपट्टी लावली होती, त्याबद्दल त्यांनी विचारले, तेव्हा अनाशीची गोष्ट मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगायचा प्रयत्न केला. किती कळली देव जाणे. मग चहा झाला. फडताळात सहा कप आहेत आणि त्या दर वेळी नेमका निळाच उचलतात. तो ह्यांचा. ह्यांची कुरकुर गुरुवारभर चालू असते.