वेलांटी आणि ग्राफिक्स कार्ड

‘किल्लारी’ हा शब्द संगणकावर टंकताना आपण आधी ‘क’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी देतो. पडद्यावर मात्र ती ‘क’च्या आधी, डावीकडे उमटावी लागते. वाचकाला यात नवल वाटत नाही. संगणकाला मात्र या वेलांटीने दीर्घकाळ छळले आहे. ब्राउझरने चित्रे रेखाटण्याचे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवले, त्याचा इतिहास नांदेड-लातूरच्या बाजूने सांगायचा, तर आरंभ तिच्यापासूनच करावा असे आम्हांस वाटते.

मराठीसाठी निराळे हार्डवेअर ही कल्पना ब्राउझरहूनही जुनी आहे. आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे यांच्या पुढाकाराने जिस्ट तंत्रज्ञान आकारास आले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सीडॅकने ते पुढे नेले. जिस्ट कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले की डीबेससारखी, मुळात इंग्रजीपुरती रचलेली डॉसची प्रणाली देवनागरी दाखवू लागे. वेलांटी कोठे जाते, जोडाक्षर कसे मोडते, हे त्या कार्डाला ठाऊक होते. लिपी जाणणारे हार्डवेअर म्हणून त्याची थोरवी आपण पुरेशी ओळखलेली नाही.

पुढे हे ज्ञान सॉफ्टवेअरमध्ये आले. विंडोज २००० सोबत मंगल फॉन्ट आला. एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांचा आधार बहुधा मूळ सीडी घालून वेगळा बसवावा लागे. नांदेडच्या ज्या सायबर कॅफेत आम्ही दहावी-बारावीचे निकाल पाहण्यास जात असू, तेथे ती सीडी कधीच सापडली नाही. मराठी पानावर चौकोनांच्या रांगा दिसत. म्हणून संकेतस्थळे रचणारे लोक शीर्षके चित्ररूपाने देत, बातम्यांना प्रत्येक वृत्तपत्र आपला स्वतंत्र फॉन्ट लावी, आणि गोल कोपऱ्याची चौकट हवी तर चार कोपऱ्यांची चार चित्रे कापावी लागत. हालचाल हवी असेल तर फ्लॅश. हा सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडे.

मार्च २०११ हा महिना या कथेत मोलाचा. इंटरनेट एक्स्प्लोरर ९ आणि फायरफॉक्स ४ याच महिन्यात आले, वेबजीएलची पहिली आवृत्तीही याच महिन्यातली. पानाचे थर ग्राफिक्स कार्डाकडे सोपवले की ते सरकवणे, फिरवणे, विरघळवणे जवळपास फुकटात होते. सावल्या, सरकत्या याद्या, खोलीचा भास देणारी पार्श्वभूमी यांची चलती झाली ती त्यामुळेच. पण एक्स्प्लोरर ९ एक्सपीवर चालतच नसे. फायरफॉक्स चाले, तरी अक्षरे रेखाटण्याची त्याची नवी गती व्हिस्टा आणि विंडोज ७ पुरतीच होती. शिवाय ज्यांचे ड्रायव्हर बेभरवशाचे, अशा कार्डांची यादी ब्राउझर बाळगीत आणि तेथे काम मुकाट्याने प्रोसेसरकडे परत जाई. पुण्यामुंबईच्या नव्या यंत्रावर तरंगणारे पान आमच्या कॅफेत अडखळत सरके, ते यामुळे.

येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ग्राफिक्स कार्डाला लिपी कळत नाही. वेलांटीची जागा आणि जोडाक्षराचा आकार आजही प्रोसेसरच ठरवतो. कार्ड फक्त तयार चित्र हलवते. म्हणजे जिस्ट कार्डाच्या अगदी उलट! याचा भुर्दंड मराठी मजकुराला पडला. वेग मिळावा म्हणून रचनाकार शून्य अंतराचे त्रिमितीय स्थानांतर लिहून ब्राउझरला फसवीत आणि मजकुराचा स्वतंत्र थर करवून घेत. असा थर पारदर्शक असला की पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या उपबिंदूंचा आधार घेऊन केलेले अक्षरांचे रेखीवपण सहसा बंद होई आणि केवळ करड्या छटा उरत. इंग्रजीत हे खपून जाते. बारीक टंकातल्या अनुस्वाराचे आणि रफाराचे मात्र साध्या मॉनिटरवर धूसर ठिपके होत.

त्या थराला स्मृतीही लागते. १०८०×१९२० बिंदूंचा एक थर, प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरल्यास, सुमारे ८ मेगाबाइट खातो. २०१६ नंतर स्वस्त डेटा आला, लातुरातील शिकवणीची मुले फोनवर अभ्यास करू लागली, आणि हा हिशेब त्यांच्या खिशात आला. फोनमध्ये ग्राफिक्स प्रोसेसर असतोच. स्मृती अपुरी असते. पाच-सहा थर रचलेले दिमाखदार पान अशा फोनवर पांढरे पडते, आणि साधे, स्थिर मजकुराचे, फक्त वरची यादी सरकवणारे पान वाचता येते. अशी पाने करणारे कारागीर नांदेड-लातुरातही आहेत. मजकुराचा थर ते हलू देत नाहीत.